सहल कुत्र्याच्या चालीने

इंग्लंडमध्ये नोकरीला असलेल्या मुलामुलींकडे उन्हाळ्यात महिना-दोन महिने राहून येणारे आईवडील आता लहान गावांतही आढळतात. तिकडे गेल्यावर एखाद्या रविवारी लेक डिस्ट्रिक्टची सहल ठरते. कंब्रिया परगण्यातला हा डोंगर-तळ्यांचा मुलूख २०१७ पासून जागतिक वारसा म्हणून ओळखला जातो. बरोबर घरचा कुत्राही असतो. आरोग्याच्या दृष्टीने अशी सहल उत्तमच. पण ती आपल्या हौसेने न आखता कुत्र्याच्या ताकदीने आखावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण कंटाळा करतो. कुत्रा करू देत नाही. गुडघ्यांना चढ-उतार सोसत नसेल तर तिथल्या जुन्या गाड्या कामी येतात. रेवनग्लास ते डेलगार्थ ही सुमारे ११ किलोमीटरची गाडी १८७५ साली लोहखनिजासाठी सुरू झाली. आपली माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर चालते. ही आज अवघ्या १५ इंची रुळांवर धावते. विंडरमिअर तळ्याच्या दक्षिण टोकाची लेकसाइड-हॅवरथ्वेट वाफेची गाडी १९७३ पासून प्रवाशांना फिरवते. दोन्हींत कुत्र्याला नेता येते. गाडीने जावे, सावलीतून तासभर चालावे आणि गाडीनेच परतावे.

आता धोक्याचे. चाळिशीपार उन्हाळा सोसणाऱ्या आपल्या माणसांना तिथले २२ अंश म्हणजे थंडीच वाटते. ‘कुत्रा बसेल मोटारीत, आपण जेवून येऊ’ असे सहज म्हटले जाते. परंतु बाहेर २२ अंश असताना उन्हातल्या बंद मोटारीत तासाभरात ४७ अंशांपर्यंत पारा चढू शकतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जातींना तेही नीट जमत नाही. काच किंचित उघडी ठेवून भागत नाही.

जोराची धाप, तोंडातून लाळ, झोकांड्या, उलटी ही उष्माघाताची लक्षणे होत. कुत्र्याला ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा, शुद्धीवर असेल तर पाणी पाजावे. आधी अंग गार करावे आणि मग पशुवैद्याकडे धावावे. हा क्रम उलटला तर वाटेतच प्राण जाऊ शकतो.

तळ्याचे पाणीही पारखून घ्यावे. उन्हाळ्यात विंडरमिअरसारख्या तळ्यांत निळे-हिरवे शेवाळ माजते. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली किंवा काठावर सूचनेची पाटी असली, तर कुत्र्याला आणि नातवंडांनाही पाण्यात जाऊ देऊ नये. त्यातले विष कुत्र्याच्या जिवावर बेतते आणि त्यावर उतारा नाही. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे.

तिसरी गोष्ट गोचिडांची. तिथल्या गवतात आणि नेच्यांत गोचीड असतात. त्यांतल्या काहींच्या चाव्याने लाइम नावाचा रोग माणसालाही होतो. संध्याकाळी कुत्र्याचे कान, मान, बोटांमधल्या फटी आणि स्वतःचे पाय तपासावेत. गोचीड दिसल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा. तेल किंवा जळती काडी लावू नये. पुढच्या काही आठवड्यांत चाव्याभोवती पसरत जाणारे लाल वर्तुळ उठले किंवा ताप आला, तर डॉक्टरांना दाखवावे. भारतात परतल्यावर असे झाले, तर इंग्लंडच्या सहलीचा उल्लेख आवर्जून करावा. येथील डॉक्टरांच्या मनात हा रोग सहसा येत नाही.

कुत्रा तोंडाने सांगत नाही आणि मालकाच्या मागे शक्ती संपेपर्यंत चालतो. म्हणून तो मागे पडू लागला, सावली शोधू लागला की परतीचे स्टेशन गाठावे. त्याच्या चालीने चालणाऱ्या आजी-आजोबांचे गुडघेही दुसऱ्या दिवशी कुरकुरणार नाहीत.