आडवा वारा

वादळात उतरणाऱ्या विमानाचे नाक धावपट्टीकडे नसते, हे आमच्या एका मित्राला खरेच वाटेना. पण नावाडी होडीचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवून पैलतीर गाठतो ना? तसेच हे. वैमानिक नाक वाऱ्याकडे वळवून तिरपा येतो. जमीन जवळ येताच पायाने रडर दाबून नाक सरळ करायचे आणि वाऱ्याच्या बाजूचा पंख उठू द्यायचा नाही. नेमका तेव्हाच झोत आला तर?

१ मार्च २००८ रोजी जर्मनीत हॅम्बुर्गला तेच झाले. एम्मा वादळ चालू होते. म्युनिचहून १३७ जणांना घेऊन आलेल्या लुफ्थान्साच्या एअरबस ए-३२० चे डावे चाक टेकले, उजवीकडून वारा, डावा पंख खाली जाऊन टोक धावपट्टीला घासले. वैमानिकांनी उतरण्याचा हट्ट धरला नाही. पूर्ण जोर देऊन विमान वर नेले आणि नंतर दुसऱ्या, वाऱ्याला सोयीच्या धावपट्टीवर उतरवले. कोणालाही इजा नाही.

विमान २४ वर्षांच्या सहवैमानिक तरुणीच्या हाती होते. हे कळल्यावर तिच्याकडे बोटे वळायला कितीसा वेळ लागतो! २०१० च्या चौकशी अहवालात मात्र निराळेच निघाले. एक चाक टेकताच संगणकाने विमान जमिनीवर आले असे धरले आणि पंख सावरण्याचा जोर जवळपास निम्मा केला. याची धड माहिती वैमानिकांच्या पुस्तकांत नव्हती. कागदोपत्री दिलेला आडव्या वाऱ्याचा आकडा ही मर्यादा की नुसती माहिती, यावरही वैमानिकांत एकमत नव्हते.