आकाशातल्या गप्पा : पोचायची घाई आणि टाकीतलं पेट्रोल



दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत एका काकांनी मला गाठलं. "काय हो, तुम्ही ते छोटं विमान चालवता ना? मग जोरात हाणलं तर लवकर पोचून पेट्रोल वाचत असेल!" चकलीच्या नादात उत्तर अर्धवट राहिलं, ते आज पुरं करतो.

काका, वाचत नाही. वेग वाढला की हवेचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो. शेवटच्या दहा-पंधरा नॉटसाठी इंजिन पेट्रोल अक्षरशः ढोसतं. सेस्ना १७२ एन या चार आसनी विमानाचंच बघा. पुस्तिकेप्रमाणे ८,००० फुटांवर ७५ टक्के शक्ती लावली की वेग १२२ नॉट. ४० गॅलनमध्ये, पाऊण तासाचं पेट्रोल राखून, ४.१ तासांत ४८५ सागरी मैल जाता येतं. तेच १०,००० फुटांवर शक्ती कमी करून सावकाश गेलात तर ५७५ मैल, पण वेळ ५.७ तास. (समोरून जोराचा वारा असेल तर मात्र फार रेंगाळणं परवडत नाही.)

ज्या विमानात पंख्याचे फेरे वेगळे ठरवता येतात, तिथे आणखी एक युक्ती आहे. १९४४ साली न्यू गिनीत चार्ल्स लिंडबर्ग अमेरिकन पी-३८ वैमानिकांबरोबर उडत होते. परतल्यावर त्यांच्या टाकीत इतरांपेक्षा बरंच पेट्रोल उरे. त्यांनी सांगितलं, फेरे मिनिटाला १,६०० वर आणा, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब वाढवा आणि मिश्रणातलं पेट्रोल कमी ठेवा. आपण हायवेवर गाडी टॉप गियरमध्ये टाकतो ना, तसंच. इंजिन खराब होईल अशी वैमानिकांना धास्ती होती, पण तसं झालं नाही, आणि विमानांचा पल्ला वाढला.

आता माझी फजिती. लायसन्स नवं होतं, सौ. शेजारी बसलेली. तिला खालची शेतं दाखवण्याच्या भरात मी वर गेल्यावर मिक्स्चरचा लाल दांडा मागे ओढायलाच विसरलो. वर हवा विरळ, तरी पेट्रोल जमिनीवरच्या हिशेबानेच चाललेलं! उतरल्यावर टाकी भरली, तेव्हा आकडा पाहून घाम फुटला. ठरलेला मुक्काम आणखी तासभर दूर असता तर? पुस्तिकेतले तास खरे असतात, पण मिश्रण नीट बसवलं तरच. तेव्हापासून माझा नेम आहे: आधी उंची, मग शक्ती, मग मिक्स्चर, आणि दर अर्ध्या तासाने घड्याळ व पेट्रोल यांचा मेळ.

सौ. अजून माझ्याबरोबर येते. पण बसल्या बसल्या पहिला प्रश्न ठरलेला, "तो लाल दांडा ओढलात का?"