रोजच्या वाटेवरची सायकल

पाऊस ओसरला की भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर दर रविवारी सायकलींची रांग लागते. पुण्याची मंडळी अंधारातच कात्रज ओलांडतात, चेलाडी फाट्यावर चहा-वडापाव घेतात आणि तिथून कुणी वेल्ह्याकडे वळतं, कुणी भोरकडे. काहींच्या सायकली आमच्या मोटारसायकलीपेक्षाही महाग असतात. मोहल्ल्यातली मुलं त्या डोळे भरून बघतात आणि घरी येऊन म्हणतात, "अब्बा, तसली सायकल पाहिजे." अब्बा किंमत विचारतात आणि विषय तिथंच संपतो.

तो तिथं संपू नये, म्हणून या महिन्याचं हे पान. आम्ही दोघं नवरा-बायको भोरात राहतो आणि आठवड्यातले चार-पाच दिवस सायकल चालवतो. नववीतली लेकही बरोबर असते. आम्ही शर्यतीत उतरत नाही की किलोमीटरचा हिशोब कुणाला दाखवत नाही. रविवारची मोठी सहल छानच, पण घराला खरा उपयोग होतो तो रोजच्या पाऊण तासाचा, हा आमचा अनुभव आहे.

आधी 'रेंजर'बद्दल

आपल्याकडे जाड टायर आणि सरळ हँडलच्या कुठल्याही सायकलीला 'रेंजर' म्हणतात. इंग्रजीत तिचं नाव माउंटन बाइक. नाव ऐकून वाटतं की हे पैसेवाल्यांचं खूळ असेल. हिची जन्मकथा मात्र भंगारातली आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन काउंटीत काही तरुणांनी १९३०-४० च्या काळातल्या जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली शोधून काढल्या आणि त्या डोंगरावरच्या मातीच्या वाटेने खाली सोडायला सुरुवात केली. १९७६ मध्ये तिथं 'रिपॅक' नावाची शर्यत सुरू झाली. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा की त्यातलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोहोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. त्यावरूनच हे नाव पडलं. पुढे वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, हा खेळ ऑलिम्पिकमध्ये गेला.

सांगायचा मुद्दा असा की सुरुवातीला महागडी सायकल लागत नाही. मुरुमाच्या रस्त्याला तीन गोष्टी पुरतात: जाड टायर, दोन्ही नीट लागणारे ब्रेक आणि चढाला हलका पडेल असा एखादा गिअर. माळ्यावर धूळ खात पडलेली सायकल असेल तर आधी तीच खाली काढा. टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, वायरी आणि चेन बदलली की बहुतेक जुन्या सायकली पुन्हा चालू लागतात. नवी घ्यायची असेल तर रंगापेक्षा मापाकडे बघा. सायकलच्या मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून सरळ उभं राहता आलं पाहिजे. "पोर वाढतंय" म्हणून दोन मापं मोठी सायकल घेतली की मूल पडतं आणि एकदा घाबरलं की पुन्हा बसत नाही.

पाऊण तासात कुठे?

आमच्या बऱ्याच वाचकांना हा रस्ता खेड-शिवापूरपर्यंत पाठ असेल. हजरत कमर अली दरवेश यांच्या दर्ग्याला जायचं, अकरा जणांनी बोटं लावून उचलायचा तो दगड बघायचा आणि माघारी फिरायचं, अशी कितीतरी घरांची रीत आहे. तिथून थोडं पुढे गेलं की आमचा मुलूख सुरू होतो.

भोर हे नीरा नदीकाठचं जुनं संस्थानी गाव. १९४८ पर्यंत इथं पंतसचिवांचं संस्थान होतं. गावातून निघून भाटघर धरणाकडे जाऊन परत यायचं, ही आमची रोजची फेरी. वेळवंडी नदीवरचं हे दगडी धरण इंग्रजांच्या काळात, १९२० च्या दशकात, बांधलं गेलं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉईड यांचं नाव त्याला दिलं होतं. आज त्याच्या जलाशयाला येसाजी कंक यांचं नाव आहे. सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी मावणाऱ्या या धरणातून बारामती, इंदापूर, फलटणकडची शेती भिजते. पोरांना भूगोलाच्या पुस्तकात जे समजत नाही, ते इथं काठावर सायकल उभी केली की समजतं. पाणी आपल्या डोळ्यांदेखत साठतं आणि ऊस पिकतो शंभर किलोमीटरवर. "मग आपल्याकडच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर का लागतो?" हा प्रश्न लेकीने आम्हाला तिथंच विचारला होता.

थोडा जास्त वेळ असला तर रोहिड्याच्या पायथ्याला, बाजारवाडीला जावं. चढ अंगावर येणारा नाही आणि दोन्ही बाजूंना भातखाचरं. रायरेश्वराच्या वाटेवर आंबवडे लागतं. तिथला संस्थानी काळातला झुलता पूल मुलांना फार आवडतो. पुलावरून सायकल हातात धरूनच न्यायची, हा आमच्या घरचा नियम.

महिन्यातून एखादा रविवार लांबचा. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणायचं, पण बोलताना सगळे वेल्हेच म्हणतात. चेलाडीहून वेल्ह्याकडे निघालं की मार्गासनीपासून गुंजवण्याचा फाटा फुटतो. राजगड समोर दिसत राहतो आणि पुढे तोरणा. १,४०३ मीटर उंचीचा तोरणा हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. वेल्ह्याहून पाबे घाट चढून खडकवासल्याकडे उतरता येतं. हा चढ पुण्याच्या सायकलवाल्यांची परीक्षाच असतो. दुसरीकडे केळदजवळ मढे घाट आहे, जिथं देश संपतो आणि खाली कोकण दिसतं. तिथं कड्यापासून लांब राहायचं, आणि पावसात तर मुलांना तिकडे नेऊच नये. भोरहून महाडला उतरणाऱ्या वरंधा घाटाचंही तेच. पावसाळ्यात तिथं दरडी पडतात आणि प्रशासन वाहतूक बंद ठेवतं. बंदीचा बोर्ड सायकललाही लागू असतो.

चढ, उतार आणि बाभळीचा काटा

चढ आला की गिअर चढाच्या आधी बदलावा. अर्ध्या चढात जोर लावून बदलला की चेन कुरकुरते आणि उतरते. मुरुमावर उभं राहून पॅडल मारू नये, मागचं चाक फिरत राहतं आणि सायकल जागची हलत नाही. बसूनच, हलक्या गिअरवर, दम राखून चढावं. उतरताना सीटवरून किंचित उठावं, गुडघे-कोपर सैल सोडावेत, अंगाचा भार मागे घ्यावा आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबावेत. पुढचा ब्रेक एकदम दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. बऱ्याच पोरांचे दात असेच पडतात.

पंक्चरचं मुख्य कारण बाभळीचा काटा. एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप आणि पाणी बरोबर असू द्या. मुलीलाही पंक्चर काढायला शिकवा. आमच्या घरी आता ती सगळ्यांत लवकर काढते. हेल्मेट हवंच. किल्ल्यावर सायकल न्यायची नाही, पायथ्याला ठेवून चालत जायचं. राजगडाचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आहे, आणि त्याच्या पायऱ्या व तटबंदी चाकांसाठी नाहीत. पुढे चढून जायचं असेल तर त्या दिवशी अत्तर लावू नका. कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात आणि उग्र वासाने त्या खवळतात.

वाटेत शेळ्या-गुरं दिसली की उतरून उभं राहावं. खाचराच्या बांधावर चाक घालू नये, तो बांध कुणीतरी हाताने घातलेला असतो. अलीकडे जमिनींचे प्लॉट पडून जुन्या पाणंदी तारेच्या कुंपणात जाऊ लागल्या आहेत. वाट बंद दिसली तर कुंपण ओलांडू नये, विचारावं. विचारलं की माणसं दुसरी वाट दाखवतात, आणि बऱ्याचदा घोटभर चहाही देतात.

वेळेचं गणित

"वेळ कुठंय?" हा सगळ्यात मोठा अडसर. आम्ही फज्रची नमाज झाली की निघतो. जूनमध्ये सहाच्या सुमाराला सूर्य वर येतो, त्यामुळे प्रश्नच नसतो. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणून पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावल्याशिवाय रस्त्यावर यायचं नाही. घरी आलं की नाश्ता, डबे, शाळा, दुकान. रमजानमध्ये सकाळची फेरी बंद. ज्याला झेपेल त्याने इफ्तारच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं, सपाट रस्त्यावर, हळू. तहान लागली, चक्कर आली तर थांबायचं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि मुलांसाठी रोज सरासरी एक तास. पाऊण तास, आठवड्यातून चार दिवस, म्हणजे १८० मिनिटं झाली. मध्यम म्हणजे किती, हे ओळखायची सोपी खूण: चालवताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. आपल्या घराघरांत साखरेच्या गोळ्या आहेत. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. खिशात खजूर किंवा ग्लुकोज ठेवावं, आणि हात थरथरले, घाम फुटला तर लगेच खाऊन बसावं. एकट्याने दूर जाऊ नये.

आणि लेकीची सायकल

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे मुलगी सातवी-आठवीत गेली की तिची सायकल हळूच धाकट्या भावाकडे जाते. कुणी रागावत नाही की मनाई करत नाही. एक दिवस ती सायकल तिची राहत नाही, एवढंच. आमच्या घरीही तो दिवस आला होता. फुफी आल्या होत्या. म्हणाल्या, "अरे, पोर मोठी झाली आता. लोक काय म्हणतील?" आम्ही म्हटलं, "फुफी, ती रोज चालत शाळेला जाते तेव्हा लोक काही म्हणतात का?" फुफी म्हणाल्या, "ते रोजचं आहे."

तेवढ्यात आम्हाला उत्तर सापडलं. जे रोजचं असतं त्यावर कुणी बोट ठेवत नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी एकदाच सायकलवर बसलेली मुलगी सगळ्यांच्या डोळ्यांत भरते. दूधवाल्याच्या वेळेला रोज आई-बापाबरोबर जाणारी मुलगी महिन्याभरात त्या रस्त्याचीच होऊन जाते. आता धरणाच्या वाटेवरच्या आजीबाई ती दिसली नाही तर आम्हालाच विचारतात, "आज पोरगी कुठंय?"

कपड्यांची अडचण खरी आहे, पण ती सुटते. खरा धोका चेनमध्ये अडकणाऱ्या ओढणीचा आणि घोळदार कपड्याचा असतो. गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता, खाली पायजमा, घोट्याला इलॅस्टिक, सुती स्कार्फ आत खोचून पिन केलेला आणि त्यावर हेल्मेट. चेनला कव्हर बसवून घ्यावं. दांडी खाली असलेली लेडीज फ्रेम मिळाली तर उतरणं-चढणं सोपं होतं. घरातल्या बाईने पहिले आठ दिवस शाळेच्या मोकळ्या मैदानात सराव केला तर चाळिशीतही सायकल येते. आमच्या घरात ती तशीच आली.

जगाकडे बघायचं तर मासूमा अली जादा आठवतात. या अफगाण मुलीने काबूलमध्ये सायकल चालवताना लोकांचे दगड झेलले, देश सोडला आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये निर्वासितांच्या संघातून स्कार्फ घालूनच शर्यत पूर्ण केली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये फरीबा आणि युल्दुझ हाशिमी या अफगाण बहिणी उतरल्या. आपल्या लेकींना दगड झेलायचे नाहीत. त्यांना फक्त पाऊण तास हवा आहे, आणि बरोबर कुणीतरी मोठं माणूस.

फुफींना आमचं म्हणणं अजून पूर्ण पटलेलं नाही. गेल्या खेपेला मात्र जाताना लेकीला जवळ बोलावून म्हणाल्या, "अंधारात जाऊ नकोस, आणि अब्बांच्या पुढे काढू नकोस." पहिली गोष्ट ती पाळते. दुसरी चढावर तिला जमत नाही.

या महिन्यात एवढंच करा. माळ्यावरची सायकल खाली काढा, हवा भरा, ब्रेक तपासा. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत जा आणि परत या. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघा.