रिकामी जागा आणि अल्पसंख्यांचा हक्क

गोदाकाठच्या सायखेड्याचा मतदार विधानसभेकरिता निफाडच्या खुल्या जागेसाठी मत देतो आणि लोकसभेकरिता दिंडोरीच्या, म्हणजे अनुसूचित जमातींसाठी राखून ठेविलेल्या जागेसाठी. ही दिंडोरीची जागा मुदतीपूर्वी रिकामी झाली तर पोटनिवडणूकही राखीव म्हणूनच होईल. सभासद गेला तरी जागेचे राखीवपण जात नाही. एवढे पाहून अल्पसंख्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न कायद्याने निकालात काढिला आहे, असे आमच्या कित्येक सुविद्य वाचकांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशी भक्कम दिसणारे संरक्षण रिकाम्या जागेपाशी येऊन पुष्कळदा लटके पडते, आणि याचा दाखला शोधण्यास फार दूर जावयास नको.

याच नाशिक जिल्ह्यात १९३० साली काळारामाच्या दाराशी ज्यांनी सत्याग्रह उभारिला, त्या डॉ. आंबेडकरांचेच उदाहरण घ्या. १९४६ साली ते घटना समितीवर निवडून आले ते मुंबईतून नव्हे, तर बंगालमधून. प्रांतिक विधिमंडळाचे सभासद पसंतीक्रमाने मते देत, आणि बंगालमध्ये सर्वसाधारण वर्गाच्या २७ जागा एकदम भरावयाच्या होत्या. सबब अठ्ठाविसाव्या हिश्श्याहून थोडी अधिक मते मिळविणारा उमेदवार बहुमताची मर्जी नसतानाही आत जाऊ शकत होता. बाबासाहेब गेले ते याच वाटेने. पुढे फाळणी झाली आणि ते सभासदत्व संपले. मुंबईत बॅ. जयकरांच्या राजीनाम्याने एक जागा मोकळी होती. ती एकटीच असल्यामुळे पसंतीक्रमाचे सारे गणित तेथे निरुपयोगी होते. ज्याच्या हाती बहुमत, त्याची ती जागा. ३० जून १९४७ रोजी राजेंद्रबाबूंनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांस पत्र लिहून आंबेडकरांस निवडून देण्याविषयी कळविले, म्हणून ते जुलैत पुन्हा समितीत आले. काँग्रेसच्या या उदारपणाबद्दल तिला श्रेय अवश्य द्यावे. परंतु जे १९४६ साली हक्काने मिळाले ते १९४७ साली दुसऱ्याच्या औदार्यावर सोडणे भाग पडले, ही गोष्ट त्या श्रेयाखाली झाकली जाऊ नये.

हे औदार्य किती दिवस पुरले? १९५१ साली बाबासाहेब मंत्रिमंडळातून बाहेर पडले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत ते पराभूत झाले. १९५२ साली राज्यसभेवर गेले ते पुनः अनेक जागा एकदम भरणाऱ्या त्याच पद्धतीने. आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुनः पराभूत झाले. भंडाऱ्यास मतदार सामान्य जनता होती, विधिमंडळ नव्हे, हा भेद आम्ही जाणतो. तथापि अशा पोटनिवडणुकीत अल्पसंख्यास बहुमताच्या कृपेवाचून गती नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

हा इतिहास जुना झाला असे कोणी म्हणेल, तर २०१९ सालचा गुजराथ पाहावा. तेथील राज्यसभेच्या दोन जागा एकाच सुमारास मोकळ्या झाल्या, कारण दोन्ही सभासद लोकसभेवर निवडून गेले. दोहोंची निवडणूक एकत्र झाली असती तर एक तृतीयांशाहून थोडी अधिक मते असणारा पक्ष एक जागा मिळविता, आणि विरोधी काँग्रेसपाशी तेवढी मते होती. परंतु निवडणूक आयोगाने प्रत्येक जागेची पोटनिवडणूक वेगळी ठरविली. ५ जुलै या एकाच दिवशी मतदान झाले आणि दोन्ही जागा सत्ताधारी पक्षास मिळाल्या. सर्वोच्च न्यायालयाने मतदानापूर्वी हस्तक्षेप केला नाही. येथे अल्पसंख्य म्हणजे जात किंवा धर्म नव्हे, विरोधी पक्ष, हे खरे. गणित मात्र तेच.

उपाय अवघड नाही. एका सुमारास मोकळ्या झालेल्या जागा एकाच मतपत्रिकेने भराव्यात; आणि जागा एकच असेल तर तस्मानिया व माल्टा येथील रीत पाहावी. तेथे गेलेल्या सभासदास ज्या मतपत्रिकांनी निवडून दिले त्याच पुनः मोजून त्यांतील पुढच्या पसंतीचा उमेदवार घेतात. ज्यांची जागा गेली, त्यांसच ती परत मिळते. मध्यंतरी मत पालटले असेल तर काय, हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. पण पाच-सहा वर्षांच्या मुदतीचे सभासदत्व देताना तो आक्षेप कोणी घेत नाही, तो पोटनिवडणुकीच्या वेळीच का सुचावा?

दुसरे छिद्र विलंबाचे. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात १९९६ साली घातलेले कलम १५१-अ मोकळी जागा सहा महिन्यांत भरावी असे सांगते आणि लगेच, एक वर्षाहून कमी मुदत उरली असेल किंवा निवडणूक घेणे अवघड असल्याचे आयोगाने केंद्र सरकारच्या विचाराने प्रमाणित केले तर सूट देते. २०२३ च्या मार्चमध्ये गिरीश बापट व मेमध्ये बाळू धानोरकर निवर्तले. पुणे आणि चंद्रपूर २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत प्रतिनिधीवाचून राहिले. पुण्याविषयी मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरात निवडणूक घेण्याचा हुकूम केला. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो स्थगित केला. नाशिक जिल्हा परिषदेची मुदत तर मार्च २०२२ मध्ये संपली, आणि मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात चालू असता तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. ज्यांस जागा देण्यासाठी वाद, त्यांची एकही जागा त्या काळात भरलेली नव्हती. त्या काळी शाळेच्या गळक्या छपराची तक्रार सायखेडकराने कोणापाशी न्यावयाची होती?

कलम १५१-अ मधील ‘अवघड’ या शब्दाची सवलत संसदेने काढून टाकावी. दिंडोरीचा सभासद राखीव जागेवरून तेथे बसतो. ही दुरुस्ती मांडण्याचा पहिला मान आम्ही त्यास देऊ इच्छितो.