घरचे खाऊन खेळलेला खेळ

रग्बी हा काही आपल्या घराघरांत बोलला जाणारा खेळ नव्हे. लांबट चेंडू, चिखल, अंगावर धावून येणारे खेळाडू आणि त्यात बायका? अशा भुवया इंग्लंडमध्येही वर्षानुवर्षे उंचावल्या गेल्या. १९९१ साली वेल्समध्ये भरलेला महिलांचा पहिला विश्वचषक चार खेळाडू मैत्रिणींनी स्वतः खपून भरवला होता. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचाच तो प्रकार!

इंग्लंडच्या एमिली स्कॅरटची कारकीर्द पाहिली, म्हणजे त्या भाकऱ्यांची किंमत कळते. २००८ साली, अठराव्या वर्षी ती देशाकडून खेळू लागली. २०१४ मध्ये पॅरिसला इंग्लंडने कॅनडाला २१-९ असे हरवून विश्वचषक जिंकला, त्यातले १६ गुण एकट्या एमिलीचे होते. पण त्या जगज्जेत्या संघाची कर्णधार पोटासाठी प्राथमिक शाळेत शिकवत होती आणि तिची एक सहकारी गुरांची डॉक्टर होती. खेळ उरायचा तो कामाआधीच्या पहाटेला आणि कामानंतरच्या रात्रीला.

पुढे वीस जणींना पगारी करार मिळाले, पण नजर होती रिओ ऑलिंपिकमधल्या सात जणींच्या रग्बीवर. २०१७ च्या विश्वचषकासाठी पंधरा जणींच्या संघालाही करार मिळाले; मात्र स्पर्धा तोंडावर आली असतानाच, ते पुढे चालू राहणार नाहीत, असे जाहीर झाले. अखेर जानेवारी २०१९ मध्ये २८ खेळाडूंना पूर्णवेळ करार मिळाले. तोवर एमिलीच्या खेळाला दहा वर्षे उलटून गेली होती. त्याच वर्षी ती जगातली सर्वोत्तम महिला रग्बीपटू ठरली.

खेळाडूचा पगार म्हणजे बक्षीस नव्हे. तो दुखऱ्या गुडघ्याला मिळालेली विश्रांती असतो, सरावाला मिळालेली सकाळ असतो. २०२३ मध्ये मानेच्या दुखापतीने एमिली मैदानाबाहेर गेली. एका नोकरीची रजा संपेपर्यंत अशी मान बरी होत नसते. ती बरी होऊन परतली आणि आपल्या पाचव्या विश्वचषकाच्या संघातही आली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ट्विकनमच्या मैदानावर ८१,८८५ प्रेक्षकांसमोर इंग्लंडने पुन्हा कॅनडालाच हरवून तो चषक जिंकला. पुढच्याच महिन्यात, ११९ सामने आणि ७५४ गुणांनंतर, ती निवृत्त झाली.

'मुलींचा खेळ बघतो कोण?' हे पालुपद आपल्याकडेही ऐकू येते. गर्दी जमली की पैसा देऊ, असे म्हणणारे बी न पेरताच पीक मागत असतात. कबड्डी-खोखो खेळणाऱ्या मुलीला आपण सहज विचारतो, 'खेळून पोट भरणार आहे का?' प्रश्न रास्तच आहे. फक्त तो त्या पोरीला न विचारता, तिच्या पदकाबरोबर छायाचित्र काढून घेणाऱ्यांना विचारायला हवा.