क्वांटमला वेदांचाही टेकू नको, बुद्धाचाही नको

७ ऑक्टोबर २०२५ रोजी भौतिकशास्त्राचे नोबेल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरेट आणि जॉन मार्टिनिस या तिघांना जाहीर झाले. अणूच्या पातळीवर चालणारे क्वांटमचे नियम हातात धरता येईल एवढ्या विद्युत मंडळातही दिसतात, हे त्यांनी १९८४-८५ मध्ये अमेरिकेतील बर्कलीच्या विद्यापीठात दाखवून दिले होते. बातमी आली आणि आपल्या मोबाइलवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागले. पहिला : "हे आमच्या ऋषींना हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होते." दुसरा, निळ्या झेंड्याच्या चित्रासह, आपल्याच ग्रुपवर : "विज्ञानाला आज कळले ते तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले." पहिल्या मेसेजला आपण हसलो. दुसरा मात्र 'नमो बुद्धाय' लिहून पुढे ढकलला.

आमचे म्हणणे सरळ आहे. हे दोन्ही मेसेज एकाच मानसिकतेतून आले आहेत.

आधी प्रयोग काय होता ते पाहू. खोल भांड्यात चेंडू ठेवला तर काठावर चढण्याइतकी ऊर्जा मिळाल्याशिवाय तो बाहेर येत नाही. सूक्ष्म कण मात्र काठावर न चढताही कधी कधी पलीकडे सापडतो. याला टनेलिंग म्हणतात. प्रश्न असा होता की, हे एकट्या कणापुरतेच आहे की कोट्यवधी कण एकत्र असलेल्या वस्तूतही घडते? या तिघांनी सुमारे एक सेंटिमीटरची चिप घेतली. तिच्यावर दोन अतिवाहक आणि त्यांच्यामध्ये वीज न वाहू देणारा अतिशय पातळ थर. हे मंडळ त्यांनी निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंशांच्या, अगदी जवळ थंड केले. बाहेरून येणारी लहानात लहान विद्युत गडबडही गाळून काढली. मंडळातून प्रवाह वाहत होता, पण व्होल्टेज शून्य होते. मंडळ जणू त्या भांड्यात अडकलेले होते. ते बाहेर पडले की व्होल्टेज दिसणार. किती वेळाने दिसते, हे त्यांनी पुन्हा पुन्हा मोजले. एका मर्यादेखाली तापमान आणखी उतरवले तरी बाहेर पडण्याचा वेग कमी होईना. म्हणजे हे काम उष्णतेचे नव्हते, टनेलिंगचे होते. मग त्यांनी मायक्रोवेव्ह सोडून पाहिले. मंडळ ठरावीक मापाचीच ऊर्जा घेत होते, पायरीपायरीने, गणिताने सांगितल्याप्रमाणे.

याला पुरावा म्हणतात. एका चिपसाठी एवढी थंडी आणि एवढी शांतता लागली. ३७ अंशांच्या माणसाच्या शरीरात 'क्वांटम शक्ती' जागवून आजार बरा करतो म्हणणाऱ्याला इथेच उत्तर मिळते.

आता पहिल्या मेसेजकडे. हा खेळ जुना आहे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. 'वैमानिक शास्त्रा'तली विमाने उडूच शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्येच दाखवले होते. तरीही तो निबंध वाचला गेला, कारण प्रश्न विमानाचा नव्हताच, मालकीचा होता. ज्ञान आमच्याच घरात होते म्हणायचे, आणि ते ज्ञान ऐकण्याचा हक्क शूद्रांना, स्त्रियांना आणि आपल्या पूर्वजांना का नाकारला, यावर मौन पाळायचे. हा शोध प्रयोगाच्या आधी सांगणारी एकही ऋचा कुणी दाखवत नाही. शोध लागला की मगच ती सापडते.

मग आपण काय वेगळे करतो? 'सर्व अनित्य आहे' हे वचन घ्यायचे, क्वांटमच्या बातमीला चिकटवायचे आणि श्रेय लाटायचे. इथे काही अभ्यासू मित्र म्हणतील की, इटालियन भौतिकशास्त्रज्ञ कार्लो रोव्हेली यांनीही क्वांटमवर लिहिताना नागार्जुनाचा आधार घेतला आहे. जरूर घेतला. पण एखाद्या तत्त्वज्ञाचा विचार करताना नवी दृष्टी मिळणे वेगळे आणि त्याने शोध आधीच लावला होता म्हणणे वेगळे. तथागतांनी दुःख, त्याचे कारण आणि त्यातून सुटण्याचा मार्ग सांगितला. अतिवाहक चिपचे गणित सांगितले नाही. ते न सांगितल्याने त्यांची उंची तसूभरही कमी होत नाही. उलट धम्माला नोबेलचा शिक्का लावला आणि उद्या भौतिकशास्त्राने आपला सिद्धांत बदलला, तर धम्म खोटा ठरणार का?

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पुनर्जन्माची चर्चा करताना बाबासाहेबांनीच ऊर्जेच्या विज्ञानाचा आधार घेतला, मग आम्ही घेतला तर काय चुकले? चूक दिशेची आहे. बाबासाहेबांनी विज्ञानाची कसोटी हातात घेऊन बुद्धाच्या नावावर खपवलेल्या गोष्टी तपासल्या. बुद्धीला न पटणारे ते बुद्धवचन असू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. आपण उलटे करतो. बुद्धाला आधीच सर्वज्ञ ठरवतो आणि विज्ञानाला साक्षीदार म्हणून उभे करतो. परंपरेत आहे, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले आहे म्हणून मानू नका, हा कालाम सुत्ताचा उपदेश आपल्या मेसेजलाही लागू आहे.

कुणी म्हणेल, मेसेजने काय बिघडते? त्याची किंमत सांगवी, दापोडी, भोसरी, चाकणच्या वस्त्यांत मोजली जाते. आमच्या भागात मोफत आरोग्य तपासणीच्या नावाखाली 'क्वांटम अॅनालायझर' येतो. हातात धातूची कांडी धरायला देतात, मिनिटभरात लिव्हरपासून किडनीपर्यंतचा रिपोर्ट छापून निघतो आणि शेवटी पावडरचा डबा गळ्यात मारतात. कंत्राटावर राबणारा कामगार, धुणीभांडी करणारी ताई, यांच्या साखरेच्या गोळ्यांचे पैसे त्या डब्यात जातात. 'क्वांटम पेंडंट'ची तर आणखी कथा. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने अशा काही वस्तूंतून किरणोत्सर्ग होतो म्हणून त्या वापरू नका, असे बजावले. भगताने अंगात सदऱ्याऐवजी कोट घातला, एवढाच फरक. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदाही आला. पण तक्रार कोण करणार? क्वांटम म्हणजे बुद्धाचेच ज्ञान, असे आपणच पसरवले तर उद्या त्या पेंडंटवर बुद्धाची मुद्रा येईल आणि आपली माणसे ते श्रद्धेने गळ्यात घालतील.

खरे क्वांटम विज्ञान आपल्यापासून लांब नाही. सांगवीहून औंध ओलांडले की पाषाणला आयसर आहे. पुण्यातील डीआरडीओची प्रयोगशाळा आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी टीसीएसच्या साथीने सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण केली. तो अतिवाहक मंडळांचाच आहे, म्हणजे बर्कलीच्या प्रयोगाचाच वारसदार. केंद्राने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. या पैशात, या प्रयोगशाळांत आपली किती मुले-मुली आहेत, हा प्रश्न विचारणारा मेसेज आम्हाला एकाही ग्रुपवर दिसला नाही. बार्टीच्या संशोधकांना फेलोशिपसाठी रस्त्यावर बसावे लागते. कार्ल सेगनसारखे विज्ञानलेखक व्हायचे होते, असे रोहित वेमुलाने शेवटच्या पत्रात लिहिले होते. त्याला आपण बॅनरवर ठेवले, पण त्याचे ते स्वप्न उचलले का? जातीची भिंत टनेलिंगने ओलांडता येत नाही. तिथे ऊर्जा लागतेच.

म्हणून कामाला लागू या. विहारात रविवारी तासभर विज्ञान वर्ग सुरू करा आणि आयसरच्या विद्यार्थ्यांना शिकवायला बोलवा. वस्तीत क्वांटमचे यंत्र आले की डॉक्टरची नोंदणी विचारा, लेखी पावती मागा, पोलिसांत तक्रार द्या. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्याच तारखेला १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली होती. या २५ डिसेंबरला देहूरोडहून परतताना धम्माच्या पुस्तकाबरोबर भौतिकशास्त्राचेही एक पुस्तक घरी न्या.

आणि पुढचा मेसेज ढकलण्यापूर्वी एकच विचारा : याला पुरावा काय?

जय भीम!