बूट पायासाठी, पाय बुटासाठी नव्हे

चौदा एप्रिल जवळ आला की नांदेडचे वजिराबाद आणि लातूरची गंजगोलाई आपल्या माणसांनी फुलून जाते. पांढरा सदरा, निळा फेटा आणि नवे बूट! वर्षभर राबराब राबणारा बापही जयंतीला लेकराच्या पायात नवा जोड घालतो. या खरेदीला कोणी उधळपट्टी म्हणून नाक मुरडत असेल, तर त्याला आपला इतिहास ठाऊक नाही. परंतु गेल्या जयंतीनंतरच्या एका साध्या प्रसंगाने मला या विषयावर लिहिणे भाग पाडले.

जात पडताळणीच्या कामासाठी एक तरुण माझ्याकडे आला. लंगडत होता. वकिलाचे डोके, मला वाटले मारहाणीचे प्रकरण असावे. विचारले तर म्हणाला, "मार नाही साहेब, बूट चावलेत." पायात टोकदार बूट, त्यावर नामांकित कंपनीचे नकली नाव. दीड हजार रुपये मोजलेले, तेही मित्राकडून उसने घेऊन. दोन्ही टाचांना फोड, करंगळ्या सोललेल्या. वर हसत म्हणतो, "आपले पायच फताडे, साहेब. आपल्याला बूट सोसत नाहीत."

हे वाक्य मला झोंबले. बूट चुकीचा निघाला आणि पोराने दोष दिला स्वतःच्या पायाला! हजारो वर्षे या व्यवस्थेने आपल्याला हेच तर शिकवले आहे. व्यवस्था सोसत नसेल तर दोष तुझाच.

पाय फताडे का होतात? बालपणापासून जो अनवाणी चालतो त्याचा चवडा रुंद होतो, बोटे पसरतात. हा रोग नव्हे आणि कमीपणा तर मुळीच नव्हे. शिवाय हे केवळ आपल्यापुरते नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीयांचा पाय युरोप-अमेरिकेतील लोकांपेक्षा रुंद असल्याचे त्यातून दिसून आले. आपल्या बाजारातील बुटांचे नंबर मात्र इंग्रजी आणि युरोपीय मापांचे. तेव्हा दोष पायाचा नाही, मापाचा आहे.

आता थोडे मागे वळून पाहू. मेलेली जनावरे ओढायची महारांनी, कातडे कमवायचे ढोरांनी, जोडे शिवायचे चांभारांनी, आणि ते पायात घालून मिरवायचे मात्र गावाने! माझी आजी लातूर जिल्ह्यातील आमच्या गावी पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना चपला काढून पदराखाली धरायची. वाडा मागे पडला की पुन्हा पायात. निजामाची राजवट १९४८ साली गेली, तरी वाड्यासमोरची ही रीत पुढेही कितीतरी वर्षे चालू होती.

ही रीत आजही कुठेच उरलेली नाही असे समजू नये. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यापासून अडवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, शिवाय दंड. स्वातंत्र्याच्या सत्तरीकडे झुकलेल्या देशाच्या संसदेला पायातल्या चपलेसाठी कलम लिहावे लागले, यातच सर्व आले.

म्हणून 'साधी राहणी'चा उपदेश आपल्याला करू नये. ज्याने स्वतःहून सोडले त्याचा तो साधेपणा, ज्याच्याकडून हिरावले गेले त्याची ती गुलामी. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला आपल्या आयाबहिणींना अस्पृश्यतेची खूण सांगणारा पेहराव टाकून नीटनेटके राहायला सांगितले, ते याच कारणाने. बाबासाहेबांचा सूट आणि बूट हा शौक नव्हता, ते उत्तर होते.

परंतु बाबासाहेबांनीच आपल्याला दुसरी बाजूही दाखवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी १९०१ सालचा प्रवास लिहून ठेवला आहे. वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेल्या या मुलांसाठी नवे सदरे, टोप्या, धोतरे आणि नवे बूट आणले होते. मसूर स्टेशनावर उतरले तेव्हा त्यांचा पेहराव पाहून स्टेशन मास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटली. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवालेही नेईनात. अखेर दुप्पट भाडे कबूल करून मुलांनाच गाडी हाकावी लागली. पायातले नवे बूट कामी आले नाहीत. तात्पर्य हे की, नकली नावाचा बूट उसनवारी करून घेतला म्हणजे समोरचा आपली जात विसरेल, या भ्रमात आपल्या तरुणांनी राहू नये. बूट आपल्या पायासाठी घ्यायचा, समोरच्याच्या डोळ्यांसाठी नव्हे.

तथागतांनी हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी केला होता. विनयपिटकातील महावग्गात सोण कोळिविसाची कथा आहे. सुखात वाढलेला हा भिक्खू चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून बसला. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला. तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. मग त्याला एकेरी तळाच्या वहाणा वापरण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, संघाला मिळणार असतील तरच मी घेईन. भगवंतांनी ती संपूर्ण संघाला दिली. पुढे सोण कुटिकण्ण या भिक्खूने अवंती-दक्षिणापथाचे गाऱ्हाणे मांडले. तिकडची भूमी काळी, टणक आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे, असे ते गाऱ्हाणे. तेव्हा अशा सीमावर्ती प्रदेशांसाठी अनेक पदरी तळाच्या वहाणांना मान्यता मिळाली. आपल्या काळ्या रानाचेच वर्णन वाटावे असे हे शब्द आहेत! मात्र रंगीबेरंगी, भपकेबाज वहाणांना भिक्खूंसाठी मनाई झाली. गरजेला हो, मिरवण्याला नाही. हा मध्यम मार्ग आहे.

तेव्हा रोजच्या वापराचा बूट घेताना काय पाहावे? खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. दोन्ही पाय मोजावेत, ते सारखे नसतात. मोठ्या पायाचा नंबर घ्यावा. उभे राहिल्यावर अंगठ्यापुढे बोटभर जागा उरली पाहिजे आणि बोटे आत हलली पाहिजेत. टाच मात्र निसटता कामा नये. बूट हातात धरून वाकवून पाहावा. चवड्याशी वाकावा, मधोमध दुमडू नये. टोकदार घेऊ नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रेक्झिनचा बूट म्हणजे पायाची भट्टी. त्यापेक्षा हवा खेळणारा कापडी बूट किंवा पट्ट्यांची सँडल बरी. मोजे सुती असावेत. 'घालून घालून सैल होईल' या दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नये, दुकानातच दहा पावले चालून पाहावे. ज्यांना मधुमेह आहे त्या वडीलधाऱ्यांनी तर घट्ट बूट घालूच नये. साधा फोडही त्यांना महागात पडतो.

आणि पावती घ्यावी. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीला घाबरू नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

शेवटी लेकरांचे. राज्य शासनाने २०२३ साली सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड मोजे देण्याचा निर्णय घेतला. निर्णयाचे स्वागत आहे. पण त्यासाठी ठरवलेली रक्कम किती, तर एका मुलामागे १७० रुपये! या पैशात वाढत्या पायाला कसला बूट मिळणार? जिल्हा परिषदेच्या शाळांत आज कोणाची लेकरे उरली आहेत हे सर्वांना माहीत आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जावे. मुलांचे पाय मोजले का, बूट कसे आले, किती दिवस टिकले, हे विचारावे. जयंती मंडळांनी डीजेच्या खर्चातून थोडे काढून त्यात भर घातली, तर ते बाबासाहेबांना खरे अभिवादन ठरेल.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले, "तुझे पाय चांगले आहेत बाबा. याच पायांनी आपली माणसे १९७९ च्या लाँग मार्चमध्ये चालली. बूट बदल." जी चप्पल आजीला पदराखाली लपवावी लागली, ती नातवाने खुशाल पायात घालावी, मापाची घालावी आणि ताठ मानेने चालावे.

जयभीम!